कुला म्हणजे वाघ : एका कोरकू ॲपच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, पुणे

आजपासून वही. मागच्या दोन कामांत "लक्षात राहील" म्हणत काहीच लिहून ठेवलं नाही आणि सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड परक्याने लिहिल्यासारखा वाटायला लागला.

काम असं: मेळघाटातल्या लहान मुलांसाठी कोरकू भाषेचं ॲप. अँड्रॉइडवर चालणारं, नेट नसलं तरी अडणार नाही असं. शब्द, चित्रं, आवाज, चार-दोन गोष्टी. माणसं चार. कोड माझा. डिझाइन एका मैत्रिणीचं. धारणी तालुक्यातले एक शिक्षक, स्वतः कोरकू (यापुढे गुरुजी). आणि त्यांची भाची, परतवाड्याला बी.ए. करतेय. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, पण शब्दांच्या बाबतीत शेवटचा निकाल तिचा, म्हणून ती ताई. पैसे नाहीत. शनिवार-रविवार आहेत.

थोडी माहिती, पुढे कुणी ही वही वाचली तर. मराठी आणि हिंदी एका घरातल्या, गोंडी आणि कोलामी द्राविडी घरातल्या. कोरकू या दोन्ही घरांतली नाही. ती मुंडा भाषा, संथाली-मुंडारीची सख्खी आणि लांबच्या नात्याने ख्मेर आणि व्हिएतनामीचीही. या कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा हीच. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७,२७,१३३. त्यातले बहुतेक मध्य प्रदेशात, बैतूल-खंडवा-बुरहानपूरकडे. आपल्याकडे मुख्यतः धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत. मी अमरावतीत वाढलो आणि यातलं निम्मं मला गेल्या महिन्यात कळलं.

ठरलेला आराखडा: सहाशे शब्दांचा तक्ता, पहिल्या रकान्यात मराठी, दुसऱ्यात कोरकू देवनागरीत. उच्चार फोनच्याच वाचून दाखवणाऱ्या आवाजात, म्हणजे रेकॉर्डिंगची कटकट नाही. ऑगस्टअखेर तयार. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

२१ जून

व्हिडिओ कॉल, दीड तास. ताईने दोनशे शब्द भरून पाठवलेत. प्राण्यांच्या यादीत "वाघ" समोर "कुला" आलं आणि मी फिस्सकन हसलो. मैत्रीणही हसली. मी म्हणालो, "हा शब्द शाळेत कसा दाखवायचा?" आणि परत हसलो. ताईचा कॅमेरा बंद झाला. नेट गेलं असेल. पुढचे शब्द गुरुजींनी सांगितले.

तक्ता बरा चाललाय. वाचणाऱ्या आवाजाची चाचणी उद्या.

२२ जून

चाचणी झाली. "कोरोकू" हा शब्द यंत्राने असा वाचला की बातम्या संपून हवामानाचा अंदाज सुरू होतोय असं वाटावं. मराठीच्या सवयीने शेवटचा स्वर ओढतं, नको तिथे अ खातं, आणि शब्दाच्या टोकाला घशात जो अडसर येतो त्याचा तर पत्ताच नाही. गुरुजींना पाठवलं. त्यांचा निरोप: "भाऊ, हे कोण मास्तर आहे? याले गावात आणू नका."

यंत्राचा आवाज रद्द. माणसांचा आवाज लागणार, म्हणजे जावं लागणार.

२९ जून, धारणी

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल करत धारणी. घाटात पावसाने गाठलं. सेमाडोहच्या अलीकडे फोनचे दांडे गेले ते हरिसालला परत आले.

वाटेत गुरुजींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं: "सिपना." मला वाटलं नदी दाखवतायत. ते झाडं दाखवत होते. सिपना म्हणजे साग. नदीला नाव झाडावरून. अमरावतीत बडनेरा रोडला सिपना नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्या पाटीखालून मी हजार वेळा गेलो असेन. सिपना हे कुणाचं तरी नाव असावं, अशी माझी समजूत.

रेकॉर्डिंग गुरुजींच्या आत्याकडे. सगळं गाव त्यांना आजी म्हणतं, मीही. घरावर पत्रे. पत्र्यावर पाऊस म्हणजे रेकॉर्डिंग संपलं. मग शेजारच्या कवेलूच्या घरात गेलो. तिथे कोंबडी, तिची पिल्लं आणि माझा माइक काय आहे ते पाहायला आलेली अकरा मुलं. चाळीस शब्द घेतले, संध्याकाळी हेडफोन लावून ऐकले तर वापरता येतील असे बारा. उरलेल्यांत कोंबडी फार स्पष्ट बोललीय.

एक शिकलो. मी शब्द मराठीत विचारत होतो, "पाणी म्हणजे?" आणि आजी प्रश्नाला उत्तर दिल्यासारखा शब्द बोलायच्या, शेवटी सूर वर. परीक्षेत बसल्यासारखा. मग गुरुजींनी गडवा पुढे केला आणि कोरकूत काहीतरी विचारलं, तेव्हा "डा" असा आला की शब्द तिथेच तुटला. ते रेकॉर्डिंग ठेवलंय. त्यात मागून खोकल्याची किनार आहे, पण चालेल.

६ जुलै

आज पूर्ण दिवस एका गफलतीत गेला. सविस्तर लिहितो.

तक्त्यात "आम्ही" समोर ताईने "आले" लिहिलं होतं. गुरुजींनी त्याच ओळीत "आलिञ". दुसऱ्या एका शीटमध्ये "आपण" समोर एकदा "आबुंग", एकदा "आलांग". माझ्या डेटाबेसमध्ये नियम होता की एका मराठी शब्दाला एकच कोरकू शब्द. नियम मीच घातलेला, नीटनेटकेपणाच्या हौसेने. आयात करताना पहिला राहिला, बाकी "नकला" म्हणून उडाले.

त्यावर कडी म्हणजे मी एक सफाईची स्क्रिप्ट लिहिली होती. कोरकू रकान्यात चुकून मराठी शब्द पडले असतील तर ती ते काढून टाकते. तिने "आले" पाहिलं. आले! पाहुणे आले, चहात आले. मराठीच आहे म्हणून तिने तेही काढलं. म्हणजे सहाशे शब्दांच्या यादीत "आम्ही"ची जागा रिकामी.

मी गुरुजींना फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो की तुम्ही दोघं एकदा काय ते ठरवा. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुम्ही एक मांगून राह्यले, आमच्याकडं चार हायेत. कोणता देऊ?"

चार आहेत ते असे. मराठीत "आपण" म्हटलं की समोरचा धरला जातो, "आम्ही" म्हटलं की वगळला जातो. हिंदीवाल्यांना हे समजावताना आपण किती फुशारकी मारतो. कोरकूत हा भेद आहेच, वर आणखी एक: दोघं की दोघांहून जास्त.

मी आणि तू, दोघंच: आलांग. मी आणि तो, तू नाहीस: आलिञ. आपण सगळे: आबुंग. आम्ही सगळे, तू सोडून: आले.

नामांनाही तसंच. कोरो म्हणजे माणूस. दोन माणसं असतील तर मागे "किञ", अनेक असतील तर "कू". कोरो अधिक कू, म्हणजे माणसं. जमातीचं आणि भाषेचं नाव तिथूनच आलं.

मराठीतलं द्विवचन कधीच गेलं, संस्कृतच्या पेपरात "रामौ" घोकण्यापुरतं उरलं. इथे सहा वर्षांचं पोर अंगणात उभं राहून दोघांचं वेगळं आणि सगळ्यांचं वेगळं बिनचूक बोलतं, आणि माझी स्क्रिप्ट ते कचरा म्हणून झाडून टाकते.

दुरुस्ती: एकास-एकचा नियम काढला. सफाईची स्क्रिप्ट काढली. सर्वनामांसाठी तक्ता नको, चित्रं हवीत. मैत्रिणीने चार चित्रं काढली: झाडाखाली मुलं, एक मूल बोट दाखवतंय, कोण वर्तुळात आणि कोण बाहेर. "तू" म्हणजे फोन पाहणारं मूल. तिसरं चित्र तिने तीनदा काढलं तरी कळत नव्हतं. शेवटी फोन धरलेला हातच चित्रात घेतला.

गुरुजींची माफी मागितली. ते म्हणाले, "चालते."

१३ जुलै

लेखनाची पंचाईत. "डा" लिहायचं, की शेवटचा अडसर दाखवायचा? देवनागरीत त्यासाठी एक अक्षर आहे, ॽ, प्रश्नचिन्हासारखं दिसणारं, मुळात नेपाळ-सिक्कीमकडच्या लिंबू भाषेसाठी युनिकोडमध्ये घेतलेलं. मला ते फार आवडलं. ताईला नाही. "पोरं प्रश्नचिन्ह वाचतील, दादा." खरंय. वगळलं. आवाज आहेच, तो अडसर कानाने कळेल.

"मी" साठी ती "इञ" लिहिते, गुरुजी "इंज". ञ हे अक्षर मी पहिलीत तक्त्यावर पाहिलं आणि नंतर एकही मराठी शब्द त्याच्यापायी अडला नाही. इथे ते शब्दाच्या शेवटी रोज राबतं. निकाल ताईचा: ञ. शोध मात्र दोन्ही लेखनांनी लागला पाहिजे, ते माझ्याकडे.

जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये या भाषेचं पहिलं व्याकरण छापलं, रोमन लिपीत. के. एस. नागराज यांचं १९९९ चं पुस्तक भाषाशास्त्राच्या चिन्हांत. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) नमुने आहेत. एवढं सगळं झालंय, आणि मुलांच्या हाती द्यायचं म्हटलं की ञ वरून अडतं.

२७ जुलै, परतवाडा

आज ताई समोरासमोर भेटली. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा. तीनशे शब्द तपासायचे होते, पन्नासच झाले.

प्राण्यांच्या पानावर आलो. ती म्हणाली, वाघ काढून टाका. मी म्हटलं, मेळघाटातल्या ॲपमध्ये वाघ नाही? व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे एक, १९७३ चं. ती म्हणाली, मग फक्त चित्र ठेवा, शब्द नको.

मग सांगितलं. निवासी शाळेत असताना, तिसरीत, बाईंनी चित्र दाखवून विचारलं हा कोण. हिने हात वर करून सांगितलं, "कुला." मराठी बोलणारी मुलं बाकावर लोळायला लागली. बाईही तोंडाला पदर लावून हसल्या. त्या रागावल्या नाहीत, काही वाईट बोलल्या नाहीत, हेही तिने दोनदा सांगितलं. पण त्यानंतर दहावीपर्यंत तिने शाळेत कोरकूचा एक शब्द तोंडातून काढला नाही. घरी गेल्यावर धाकट्या भावालाही सांगून ठेवलं, शाळेत वाघच म्हणायचं.

२१ जूनची नोंद वर आहे. नेट गेलं नव्हतं.

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "तुम्हीच काय दादा, सगळेच हसतात. मराठीत तो शब्द तसाच आहे ना." मग तीच हसली, आणि ते जास्त लागलं.

परतीच्या गाडीत तक्ता उघडून पाहिला. पहिला रकाना मराठी. सगळं ॲप असं रचलंय की आधी मराठी शब्द, मग त्याला कोरकू काय म्हणतात. प्रत्येक शब्द मराठीच्या दारातून आत येतो आणि दारात उभा राहून मराठी कान त्याला ऐकतो. तसं ऐकलं तर कुला म्हणजे कुल्लाच. ज्या मुलासाठी हे करतोय त्याला मराठी येत नाही, म्हणूनच तर करतोय. मग पहिल्या रकान्यात ती काय करतेय?

२८ जुलै

रात्री मैत्रिणीशी बोललो. नवा आराखडा:

उघडल्यावर चित्र. चित्राला बोट लावलं की आजींचा आवाज. दुसऱ्यांदा लावलं की कोरकू अक्षरं. मराठी अर्थ एका कोपऱ्यातल्या बटणामागे, शिक्षकांसाठी, आणि ते बटण मुळात बंद. सूचनाही कोरकूत, आवाजातून. "बरोबर", "पुन्हा कर" हे सगळं ताईच्या धाकट्या भावाच्या आवाजात घ्यायचं. त्याचा आवाज फुटायला लागलाय, लवकर घ्यायला हवं.

आणि प्राण्यांचं पान वाघाने सुरू. हे ताईने ठरवलं, मी विचारलं नव्हतं.

केलेलं दीड महिन्याचं काम साधारण निम्मं गेलं. ऑगस्टअखेर हे पहिल्या नोंदीतलं वाक्य वाचून हसून झालं.

९ ऑगस्ट, धारणी

आज विश्व आदिवासी दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक १९८२ मध्ये याच तारखेला भरली होती, तिथून हा दिवस. धारणीत मिरवणूक, ढोल, बासरी, पिवळे फेटे. त्यात यंदा राखीपौर्णिमाही आजच, त्यामुळे गाड्यांना उभं राहायला जागा नाही.

एका टपरीशेजारी कच्ची आवृत्ती वाटायला बसलो. नेट असून नसल्यासारखं, हजारो माणसं एका टॉवरवर. पूर्वी नेटशिवाय फाइल पाठवायला शेअरइट हे ॲप असायचं, ते २०२० च्या बंदीत गेलं. फोनमधली जवळच्याला पाठवायची सोय निम्म्या जुन्या फोनवर सापडत नाही. शेवटी मेमरी कार्ड. एका पोराने स्वतःच्या कार्डावर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, घेतली आणि दोन तासांत बावीस फोनमध्ये टाकून आला. त्याला काहीही सांगितलं नव्हतं.

एका म्हाताऱ्याने चित्राला बोट लावलं, आवाज आला, त्याने फोन कानाला लावला आणि उत्तर दिलं. मग आम्हाला म्हणाला, बाई ऐकत नाही.

२४ ऑगस्ट

नुसती आकडेमोड. मूळ रेकॉर्डिंग एका वाहिनीवर, सेकंदाला सुमारे ८८ केबी. सात मिनिटांची गोष्ट म्हणजे ३७ एमबी. ओपस या आवाज दाबून छोटा करणाऱ्या पद्धतीत २४ केबीपीएसला आणली की सव्वा एमबी. शब्द सगळे मिळून तीन एमबीत बसले. सगळ्यात जड चित्रं निघाली, ती पुन्हा छोटी करायला दिलीत. एका जुन्या फोनवर ओपस वाजेना. फाइलच्या नावाची शेपटी बदलून ओग केली तर वाजली. का, ते शोधायला वेळ नाही.

पोळ्यामुळे गुरुजी दोन दिवस फोनवर नव्हते.

२ सप्टेंबर

काल केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने "आदि वाणी" आणलं, आदिवासी भाषांच्या भाषांतराचं ॲप. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने झालंय. सकाळपासून सहा जणांनी बातमी पाठवली, दोघांनी वर "आता तुमचं काय?" असंही विचारलं. सुरुवातीला संथाली, भिली, मुंडारी, गोंडी. पुढे कुई आणि गारो. कोरकू नाही.

ताईने विचारलं, यादीत यायला काय लागतं? यंत्राला शिकवायचं तर हजारो वाक्यं दोन्ही भाषांत जोडीने लागतात. आमच्याकडे सहाशे शब्द आणि तीन गोष्टी. ती म्हणाली, "वाक्यं तर रोज बोलतो आम्ही." आणि मग, "पण ती वाक्यं मग कोणाची?"

न्यूझीलंडमधल्या ते हिकु मीडिया या माओरी रेडिओवाल्यांनी लोकांकडून माओरी आवाज गोळा केले तेव्हा हाच प्रश्न आधी सोडवला. आवाज आमच्या ताब्यात, आम्ही राखणदार, वापरायचा तर आमच्या अटींवर, असा परवानाच त्यांनी स्वतः लिहिला. तिला सांगितलं. तिने तो परवाना मागवून घेतला, वाचून काय म्हणते पाहू.

१४ सप्टेंबर

आकड्यांचा खेळ झाला. मक्याचे दाणे मोजायचे: मिया, बारी, आपई, उपुन, मोनोई, तुरुई, एई, इलार, आरेई, गेल. बरीच मुलं पाचच्या पुढे हिंदीत जातात, छे-सात-आठ. आजी गेलपर्यंत थांबत नाहीत.

ऑफिसात जेवताना मी हेच घोकत होतो. शेजारी झारखंडचा संथाली सहकारी. तुरुई म्हटल्यावर त्याने डबा खाली ठेवला. "हे तुला कोणी शिकवलं?" त्याच्याकडेही सहा म्हणजे तुरुई, दहा म्हणजे गेल. दोन वर्षं एका टेबलावर जेवतोय, हिंदीत. त्याने कोरकू हे नाव कधी ऐकलं नव्हतं. आजींचा आवाज लावून दिला तर वाघ ओळखला त्याने. संथालीत कुल. तो हसला नाही, अर्थात.

५ ऑक्टोबर, धारणी

दोन गोष्टींची नोंद. एक राहिली, एक काढली.

राहिली ती उत्पत्तीची कथा. आजींनी एका दमात सांगितली. सातपुडा रिकामा पडलेला. रावणाने महादेवाला विनवलं की इथे माणसं वसव. महादेवाने कावळा पाठवून लाल मातीचं वारूळ शोधलं, त्या मातीची बाई-माणसाची जोडी घडवली. इंद्राच्या घोड्यांनी येऊन तुडवली. पुन्हा घडवली, पुन्हा तुडवली. मग महादेवाने मातीचाच कुत्रा केला, तो भुंकला, घोडे पळाले, आणि माणसं जगली. मुला आणि मुलाई. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मोठ्या ग्रंथात हीच कथा थोड्या फरकाने आहे. आजींनी अर्थात तो ग्रंथ पाहिलेला नाही, त्यांना ती त्यांच्या आजीने सांगितली.

पुण्यातल्या एका हितचिंतकाने सुचवलं की रावणाचं नाव गाळा, उगाच वाद नको. गुरुजींनी मान हलवली. "रावण काढला तर महादेवाले सांगनार कोन?" राहिला.

काढलं ते गाणं. इथे मेलेल्या माणसाच्या नावाने सागाची फळी कोरतात, तिला मुंडा म्हणतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. ती सिडोलीच्या विधीत उभी करतात. जुलैमध्ये आजींनी त्या वेळचं एक गाणं ओघात म्हटलं होतं आणि माझा माइक चालू होता. आवाज अप्रतिम. कोंबडी नाही, पाऊस नाही. सगळ्या रेकॉर्डिंगमधला सर्वांत स्वच्छ तुकडा. मी ते ॲपच्या सुरुवातीला लावलं होतं, उघडल्यावर पाच सेकंद. वाटलं, वातावरण येईल.

गावातल्या एका जाणत्या माणसाने फोन हातात घेतला, ॲप उघडलं, गाणं सुरू झालं. त्याने फोन पालथा करून खाटेवर ठेवला. कोणी काही बोललं नाही. मग गुरुजी मला बाहेर घेऊन गेले. ते गाणं वाटेल तेव्हा म्हणायचं नसतं. पोराने चॉकलेट खाता खाता बोट लावलं की वाजावं असं ते नव्हे.

मी विचारलं, मग आजींनी कसं म्हटलं? "त्या तुमच्याशी बोलत होत्या भाऊ. फोनशी नाही."

ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगु लोकांसोबत मुकुर्तु नावाची संग्रह-प्रणाली घडली, ती मी वाचली होती. तिची सगळी रचनाच यावर: कुठला फोटो, कुठलं गाणं कोणी पाहायचं ते नातं, कुळ, बाई की पुरुष यावर ठरतं, आणि संगणकाने ते पाळायचं. वाचून मी "पुढच्या आवृत्तीत बघू" असा शेरा मारला होता. मला ते खिडक्या-परवानग्यांचं तांत्रिक काम वाटलं होतं.

गाणं ॲपमधून काढलं, माझ्या लॅपटॉपमधून काढलं, मैत्रिणीच्या ड्राइव्हवरून काढायला लावलं. मूळ फाइल कार्डावर आजींच्या घरी, डब्यात. वाटलेल्या बावीस फोनचं काय? ती ऑगस्टची आवृत्ती, तेव्हा गाणं लावलेलं नव्हतं. हे नशीब, माझी हुशारी नाही.

सुरुवातीला आता काहीच वाजत नाही. थेट वाघ येतो.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, माणसं कामाला बाहेर पडायला लागली. चाचणी करणाऱ्या अकरा मुलांतली सात आई-बापांबरोबर गेली. कोणी अमरावतीकडे, कोणी वीटभट्टीवर.

एका बापाचा फोन आला. ॲप बंद पडतं म्हणून. चौकशी केली तर फोन भरलेला, जागा नव्हती. मी म्हटलं काही व्हिडिओ काढून टाका. तो म्हणाला, व्हिडिओ काढले, "आजी" नाही काढली. आमच्या ॲपचं नाव मुलांमध्ये "आजी" पडलंय. आम्ही ठेवलेलं नाव दोन मीटिंगा घेऊन ठरवलं होतं.

बुलढाण्याकडून एकाने विचारलं, निहाली घालाल का. जळगाव जामोदच्या आसपास बोलली जाणारी, कुठल्याच कुळात न बसणारी भाषा, कोरकूचे पुष्कळ शब्द घेतलेली. बोलणारे फार थोडे. हो म्हणायचा मोह झाला. म्हटलं, तुमच्यातलं कोणी ताईसारखं बसणार असेल तर कोड देतो, सगळा. बाकी मी येऊन करणार नाही.

१६ नोव्हेंबर, धारणी

आवृत्ती १.० बांधली. ३१ एमबी. उरलेल्या चुका: ञ लिहून शोधलं तर सापडतं, ंज लिहून अजून नाही. तिसरं सर्वनामाचं चित्र अजूनही दर चार मुलांतलं एक चुकीचं समजतं. आडव्या फोनवर वाघाची शेपटी कापली जाते.

आज संमतीचे कागद. ताईने कोरकूत वाचून दाखवले, अंगठे आणि सह्या घेतल्या. आवाज गावाच्या नावावर, आमच्या नाही. ज्याला काढून हवा त्याने सांगायचं, पुढच्या आवृत्तीत निघेल. शेवटचा प्रश्न मीच घातला होता आणि विचारायची वेळ आली तेव्हा जीभ अडली: तुमच्यानंतर आवाज ठेवायचा का?

ताईने विचारलं. आजी बराच वेळ फोनकडे पाहत राहिल्या. मग काहीतरी लांबलचक बोलल्या, ताई हसायला लागली.

काय म्हणाल्या?

"ठेवा म्हणते. पण डा परत घ्या म्हणते. त्या दिवशी तिला खोकला होता."

माइक लावला. कोंबडीला ताईच्या भावाने बाहेर नेलं. तीनदा घेतलं, दुसरं ठेवलं.